मोकळ्या कळ्यांचा काढा

कोरियातल्या देगू शहरात, जडीबुटीच्या गल्लीतल्या दुकानात तो शिंकतच शिरला. एक नाही, दोन नाही... सलग सात!

"अहो, बाहेर आवरा! पुड्या उडतील," काट्यावरून मान न उचलता मिरान म्हणाली. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून दुकान तिच्या एकटीच्या अंगावर होतं. मान उचलायचेसुद्धा कष्ट वाटत.

"मी इन्सोक. गाणाऱ्या बाईंच्या साथीला ढोल वाजवतो. ओळ संपली की 'वाहवा!' म्हणायचं कामही माझंच. पण हे पाइनचे पराग... दाद द्यायला जावं, तर शिंक येते हो! आणि रविवारी इथल्याच सभागृहात कार्यक्रम."

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी! त्या भरातच तिनं कवठी चाफ्याच्या जातीच्या लवदार कळ्या, सुंठ, ज्येष्ठमध पुडीत बांधलं.

"हसता छान. रोज का नाही हसत?"

"रोज शिंकायला येता का तुम्ही?"

रविवारी दुपारी तिची नजर फळीवर गेली नि हातातलं माप तिनं तसंच खाली ठेवलं. त्या कळ्या फडक्याच्या पुरचुंडीतच उकळायच्या, नाहीतर लव काढ्यात उतरून घसा धरते. फडकं तर इथंच पडलेलं! शेजारणीला बाबांजवळ बसवून ती सभागृहाकडे धावत सुटली.

सभागृहात गाणं सुरू होतं. ओळ संपली. इन्सोकनं तोंड उघडलं... नुसता खोकला. बाईंनी चमकून पाहिलं. दाद म्हणजे गाणाऱ्याचा प्राणवायू. तीच नाही तर गळा फुलणार कसा? पुढची ओळही कोरडीच गेली.

"वाहवा!" मागच्या रांगेतून मिरान ओरडली.

श्रोत्यांनीही दाद द्यावी, असा तिथला रिवाजच. मग सगळं सभागृह तिच्या पाठोपाठ 'वाहवा' म्हणू लागलं, आणि बाईंचा गळा असा मोकळा झाला की देवही खाली उतरून ऐकत बसावा.

कार्यक्रमानंतर ती बाहेर पायरीवर बसली होती. जांभई आवरत नव्हती.

"चूक माझी. फडकं द्यायचं राहिलं."

"घशानं सांगितलं," तो बसक्या आवाजात म्हणाला. "नाक मात्र मोकळं झालं हं."

"रागवा की जरा!"

"रागवायला आवाज कुठाय?" ढोल मधे ठेवून तो शेजारी बसला. "मिरान... उद्यापासून सकाळी दुकान मी उघडू? तुम्ही झोपा जरा."

झोपा! असं तिला कोणी म्हटल्याला वर्षं लोटली होती.

"आणि... संध्याकाळीही थांबलो तर चालेल?"

"किती दिवस?"

"तुम्ही ठेवाल तितके—"

पण ऐकायला ती जागी कुठे होती? मान हळूच कलंडली होती. त्यानं ढोल बाजूला सारला, खांदा पुढे केला, आणि तिची झोप पुरी होईपर्यंत जागचा हलला नाही.