अनुमोदक कोण?

"हळू ना! हात हाये तो, धानाची पेंडी नाही!"

टीना ओरडली आणि तेवढ्यात तिसरी बांगडीही कडकन फुटली.

बेहडाटोल्याची मंडई होती. दिवाळी सरली की आमगावकडच्या गावोगावी मंडई भरते. पाळणे, जिलेबी, रात्री दंडारीचा खेळ, आणि माहेरी आलेल्या लेकींचा नुसता कलकलाट! टीनाही बी.एड.चं कॉलेज बुडवून गोंदियाहून आली होती आणि पिशवी घरात टाकून थेट बांगड्यांच्या दुकानावर बसली होती. पण दुकानावर नेहमीची जुलेखामौसी नव्हती. तिच्या जागी एक उंच, सावळा पोट्टा मांडी घालून बसला होता, आणि टीनाचं मनगट असं न्याहाळत होता, जसा काही बिघडलेला मोटारपंप खोलायला दिलाय.

"नवा हायेस काय धंद्यात?"

"मौसी चहा प्यायले गेली. म्हणाली, बस जरा."

"आन् तू बसला? ज्याले हात धरता येत नाही, त्यानं बांगड्याच्या दुकानावर बसू नये."

"मग शिकवा ना..." तो हळूच म्हणाला, "हात धरायले."

काय मेला आगाऊ! टीना चांगले चार शब्द सुनावणारच होती. तेवढ्यात मौसी आली आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"उठ रे हिमांशू! सरपंचसाब की बेटी है ये. मार खिलाएगा क्या मेरे को?"

हिमांशू टेंभरे? म्हणजे गावाचा नवा उपसरपंच! टीना शाळेपासून गोंदियाजवळ फुलचूरला आत्याकडे राहायची. गावात कोण आपल्या मामाच्या शेतीवर येऊन राहिलं, कोण निवडून आलं, तिला कुठून ठाऊक असणार? निवडणुकीच्या वेळी तर तिची परीक्षा होती.

मौसीनं तिचा हात हातात घेतला आणि बांगड्या लोण्यासारख्या आत सरकल्या. टीनाच्या आईच्या, निर्मलाबाईंच्या लग्नाचा हिरवा चुडाही हिनंच भरला होता. अख्ख्या गावात एक नवरी दाखवा, जिचा हात जुलेखामौसीच्या हातातून गेला नाही!

त्यानंतर हिमांशूला गोंदियात कामं निघू लागली. पंचायतीची म्हणे! आणि प्रत्येक वेळी आत्याच्या दारात लाखोळीच्या डाळीची पिशवी... "सरपंचांनी पाठवली." आत्या एकदा वैतागून म्हणाली, "दादाले सांगजो, आमच्या घरी आता डाळीचं दुकान टाकता येते!" टीना स्वयंपाकघरात तोंडाला ओढणी लावून हसत राहिली.

महाशिवरात्रीला दोघं नागऱ्याच्या देवळात गेले, तेव्हा रांगेतल्या गर्दीत तो तिच्या मागे हात आडवा धरून उभा राहिला. धक्का लागू नये म्हणून. तिला स्पर्श मात्र एकदाही केला नाही. टीनाच्या ते लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर तिथंच ती त्याची झाली.

"देवाले काय मागितलं?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"मत. मागच्या वेळी तू दिलं नाही ना."

"मी फुकटात देत नाही. काम पाहून देईन."

"पाहा मग..." तो म्हणाला, आणि इतकं सरळ तिच्याकडे बघितलं की तिलाच चपला शोधायची घाई झाली.

शालीकराम रहांगडाले, म्हणजे टीनाचे वडील, काही आंधळे नव्हते. पोरगा त्यांनाही पसंत होता. पुन्हा दिवाळी आली तेव्हा जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती, आणि पक्षाचं तिकीट हिमांशूलाच मिळावं म्हणून त्यांनी गोंदियाच्या एका नेत्याला गळ घातली होती. नेता हो म्हणाला. फक्त एक अट घातली. मंडईच्या आधीच्या ग्रामसभेत ठराव व्हायला हवा: आपल्या मंडईत फक्त आपल्या धर्माच्या माणसांची दुकानं. आणि तो हिमांशूनंच मांडायचा.

"कागदावरचा ठराव," शालीकराम जेवताना म्हणाले. "त्यात आपलं काय जाते?"

"मौसी जाते, बाबा."

"तू मधात पडू नको! त्यानं मांडला तं तिकीट पक्कं, सगाई पक्की. नाही मांडला तं दोन्ही विसरा."

भात वाढताना निर्मलाबाईंच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

दुसऱ्या सकाळी टीना खळ्यावर गेली. कापलेल्या धानाचा गोड, ओलसर वास सुटला होता. हिमांशू पेंड्यांवर नुसताच बसून होता.

"कायले बसून राहिला?"

"टीना, मी ठराव नाही मांडला तं... तुझे बाबा..."

तिला ओरडून सांगायचं होतं, नको मांडू. आणि त्याच दमात सांगायचं होतं, मांड रे बाबा, जग गेलं खड्ड्यात, मला तू हवास! दोन्ही खरं होतं. लाज वाटावी इतकं खरं होतं.

"माझ्या बाबाचं मी पाहीन," ती एवढंच म्हणाली. "तू... तुझं पाहा."

ग्रामसभेला पंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली सारं गाव जमलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. गोंदियाचे नेते पुढच्या खुर्चीवर ऐसपैस बसले होते. शालीकरामांनी खूण केली. हिमांशू उठला. कालचाच निळा शर्ट, चुरगळलेला. झोपला नसावा बिचारा.

"मी ठराव मांडतो," तो म्हणाला. "बेहडाटोल्याच्या मंडईत दुकानाची जागा देताना..."

नेत्यांनी समाधानानं मान हलवली.

"...कोणाचाही धर्म विचारला जाणार नाही. जात विचारली जाणार नाही. जो आधी येईल, त्याले आधी जागा. देव ज्याचा त्याचा, पण मंडई साऱ्यांची आन् पंचायतही साऱ्यांची. जिनं आपल्या बहिणींचे चुडे भरले, तिले परकी म्हणायले माझी जीभ वळत नाही."

आई गं! टीनाच्या अंगावर काटा आला. हाच तो, ज्याला एक बांगडी धड भरता येत नव्हती! तिकीट गेलं, सगाई गेली, सगळं गेलं... आणि तिला वाटलं, उठावं आणि सगळ्यांना सांगावं, बघा, हा माझा माणूस.

नेते खुर्ची सरकवून उठले आणि गाडीकडे चालू लागले. शालीकरामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ग्रामसेवकानं घसा खाकरला.

"सूचक हिमांशू टेंभरे. अनुमोदक कोण?"

कोणी हलेना. पुरुष सरपंचांकडे बघत होते आणि सरपंच जमिनीकडे.

"अनुमोदक नसेल तर ठराव पडला, भाऊ..."

"अनुमोदक आहे." टीना उभी राहिली होती. "लिहा. टीना शालीकराम रहांगडाले."

"टीना! खाली बस!"

"बसते, बाबा. आधी नाव लिहू द्या."

हिमांशूनं वळून बघितलं. साऱ्या गावादेखत, न लाजता, डोळे भरून.

"ठरावाच्या बाजूनं असतील, त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाला.

टीनाचा हात वर गेला. आणि तिच्या मागे दुसरा हात वर गेला... सरपंचीणबाईंचा, निर्मलाबाईंचा! मग म्हाताऱ्या रुख्माआजीचा, मग चंदाचा, मग सगळ्या बायांचे. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या आणि कडुनिंबाखाली नुसती किणकिण झाली. त्यातली एकही बांगडी जुलेखामौसीच्या हाताशिवाय त्या हातात गेलेली नव्हती. नवऱ्यांनी बायकांकडे पाहिलं आणि आपलेही हात वर केले. संध्याकाळी जेवायचं होतंच ना!

तिकीट दुसऱ्याच कोणाला मिळालं. शालीकराम घरात अबोल झाले. सगाईचं नाव कोणी काढलं नाही.

मग मंडई आली. मौसीचं दुकान तिच्या नेहमीच्या जागी लागलं. टीना एका बाजूला, हिमांशू दुसऱ्या बाजूला, दोघं बांगड्या चाळल्याचं सोंग करत होते. तेवढ्यात शालीकराम आले आणि मध्ये बसले.

"तिकीट गेलं ना तुझं?" त्यांनी हिमांशूला विचारलं.

"गेलं."

"आता?"

"शेती करीन. पुढच्या वेळी पुन्हा उभा राहीन. तुम्ही समोर असले, तरी."

शालीकरामांनी समोरच्या बांगड्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, "माझ्या तोंडावर आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी दोघांनी म्हटलं. तुम्ही एकाच घरात राहा बाप्पा, माझ्या घरात ही एकटीसुद्धा मले झेपत नाही... मौसी, हिरवा चुडा काढ. माप तुले मालूमच हाये."

मौसीनं डोळे पुसले, पहिली बांगडी उचलली आणि हिमांशूच्या हातात ठेवली. "ले. इस बार तोडना मत."

त्यानं टीनाचा हात धरला. भर मंडईत, बापासमोर. बांगडी अलगद आत गेली.

"कुठं शिकला?" तिनं पुटपुटत विचारलं.

"सभेत. तू वर केला, तवाच म्हटलं, हा हात आता सोडायचा नाही." तो खाली वाकला. "आता तरी सांग... माझं मत?"

"तवाच तं दिलं," टीना म्हणाली. "काम पाहून."