दोघांनाही हरायचं होतं

“तुम्ही मुद्दाम हरताय का हो?” तिनं विचारलं.

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं बटणांवरचे हात पटकन उचलले. पांढरा कोट, बाह्यांना लवंगेच्या तेलाचा वास. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर! दुपारच्या सुट्टीत गेम पार्लरमध्ये आला, बाकीची मशीनं रिकामी असूनही तिच्याच मशीनवर येऊन बसला आणि एकामागून एक डाव मुकाट हरत गेला.

“मी?… छे हो. तुमचा हातच आज चांगला चालतोय.”

“थापा मारू नका. पडद्यावर माझे गुरुजी काठी टेकून नुसते उभे होते. तुमचा एवढा धिप्पाड पैलवान आपणहून येऊन त्या काठीवर आपटला!”

डॉक्टरचे कान लाल झाले. “खरं सांगू? रोज बघतो… समोरच्या चष्म्याच्या दुकानातून तुम्ही येता, याच म्हाताऱ्या गुरुजींना निवडता आणि कॉम्प्युटरचा मार खाऊन परत जाता. वाटलं, एकदा तरी तुम्ही जिंकावं.”

“अहो, पण मला हरायचंच असतं!”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. काउंटरमागे पार्लरवाल्या काकांनी पेपर खाली केला.

“दोघंही हरायला बसलात होय? मग खेळतंय कोण?”

तिला हसू फुटलं. किती दिवसांनी, कोण जाणे. हसण्याच्या भरातच ती सांगू लागली.

“हे गुरुजी आधी एका जपानी कार्टूनमध्ये होते–”

“कार्टून नाही हो, ॲनिमे! शाळा सुटली की दप्तरासकट टीव्हीपुढे बसायचो मी.”

“बरं, ॲनिमे. त्यात गुरुजींना आपल्या भाषेत आवाज दिला होता माझ्या बाबांनी. पुढे त्यावरून हा मारामारीचा गेम निघाला. पोरांना गुरुजींचा दुसरा आवाज चालेना, म्हणून गेमसाठीही बाबांनाच बोलावलं.”

“थांबा… म्हणजे ‘शाब्बास गं पोरी’?”

“तेच.”

पार्लरमधला तो जुना विनोद होता. समोर मिशाळ पैलवान असो की शिंगं असलेला राक्षस, हरले की गुरुजी जमिनीवर पडल्यापडल्या म्हणायचे, “शाब्बास गं पोरी!” आणि पोरं पोट धरून हसायची.

“स्टुडिओत काचेपलीकडे मी बसले होते,” ती म्हणाली. “बाबा माझ्याकडे बघून बोलले. ती चूक मग कुणी सुधारलीच नाही.” तिनं बटणांवरून बोट फिरवलं. “बाबा गेले यंदा. घरी त्यांचे फोटो आहेत, दाराशी चपलाही तशाच आहेत. आवाज तेवढा इथंच आहे. जिंकल्यावरचं वाक्य पाठ झालंय, हरल्यावरचंही. नवीन काही ते आता बोलायचे नाहीत… म्हणून हेच ऐकायला येते.”

डॉक्टर पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, “उठू का मी?”

“नको.” हे तिच्या तोंडून फारच लवकर निघालं. “पण आता खरं खेळा. हरवा मला.”

“बघा हं. ज्या हातानं दाढा उपटतो, त्याच हातानं खेळतो मी.”

“नुसत्या बाता!”

डाव सुरू झाला. पैलवान धावून आला, गुरुजी अलगद बाजूला झाले. रोज हरता हरता गुरुजींची चाल अन् चाल तिच्या बोटांत मुरली होती, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बटणं कडकडत होती. त्याचा कोपर तिच्या कोपराला लागला, ती म्हणाली, “ए, हे चालणार नाही!” आणि तो म्हणाला, “चालतं, चालतं!” आपल्याला हरायचंय, हे ती साफ विसरली. दोघांचीही ताकद संपत आली. तिनं काठी उगारली, त्यानं ठोसा मारला… एकाच क्षणी.

दोघंही आडवे!

पडद्यावर शब्द उमटला – बरोबरी. असं याआधी कधीच झालं नव्हतं. क्षणभर मशीन गप्प. आणि मग गुरुजींचा आवाज–

“अरेच्चा, दोघंही? असे बघत काय राहिलात? हात द्या एकमेकांना… आणि उठा बघू.”

ते “उठा बघू” अगदी तसंच होतं, बाबा सकाळी तिच्या उशाशी येऊन म्हणायचे तसं. डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसतही होती.

डॉक्टरनं हात पुढे केला. “गुरुजींनी सांगितलंय,” तो म्हणाला. “मी आपला सांगितलेलं ऐकतो.”

तिनं हात दिला. दोघं उठले. उठून झालं तरी हात सुटले नाहीत.

“डॉक्टर!” काका ओरडले. “वर पेशंट तोंड उघडून बसलाय!”

तो दारापर्यंत गेला, वळला. “उद्या… येशील?”

“येईन. पण मुद्दाम हरलास तर याद राख.”

“आणि तू?”

“मी कशाला हरू आता?”

दुकानात परतून तिनं चष्म्याची काच घासायला घेतली, तेव्हा बोटांना लवंगेचा वास येत होता. हात धुवायचे राहिले, ते राहिलेच.