फेस बसायच्या आत

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. फेसासकट प्यायचं, मिशीला लागू द्यायचं आणि बढाया मारायच्या. बढाया मारण्यात माझ्या तोडीचा एकच, विजयसिंह. माझा व्याही. त्याच्या पोराला माझी वर्षाराणी दिली, दोघं हैदराबादला. आम्हा दोघांत मिळून नात एकच, मोना. चुरस तिच्यावरनंच.

मी तिच्याकडं रात्रभर बसनं जायचो, साडेपाचशे किलोमीटर, हाडं खिळखिळी करून. हा उजळाईवाडीच्या विमानतळावर विमानात बसायचा नि सव्वा तासात उतरायचा. वर कट्ट्यावर मला ऐकवायचा,

"पावणं, आमच्या कारभारणीची, बयाबाईची भाकरी तिथं सोडली तर वाफ येती की! पोरगी माझ्याच मांडीवर बसून खाती. तुमची भाकरी? निस्तं कातडं!"

मी उरलेलं दूध एका घोटात संपवायचो.

एकदा याचं खोटं पकडायचंच म्हणून विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहिलो. विजयसिंह पिवळा फेटा बांधून विमानाची शिडी चढत होता. तेवढ्यात मोनाचा फोन.

"ज्ञानूआजोबा, विजूआजोबा आले! भाकरी अजून गरम आहे."

पिवळा फेटा शिडीवरच होता.

हैदराबादहून परतल्यावर तो कट्ट्यावर आला. दूध तसंच हातात.

"पावणं, तुमी विमानानं जाऊ नगासा."

"का? नात वाटून घ्याय लागंल म्हणून?"

"ह्या खेपंला दारात पोचलो, तर आत मीच बसलोतो. तसाच माघारी फिरलो."

मी खो-खो हसलो. थाप मारावी तर अशी! मोना एकट्याला हवी म्हणून रचलेली. दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. घड्याळात बरोबर सव्वा तास. भाकरीची पिशवी सारा वेळ मांडीवर. वर्षाराणीच्या दाराबाहेर दोन जोड कोल्हापुरी चपला होत्या. त्यातल्या एकीचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला, माझ्याच हातचा वाकडा टाका.

मी पायांकडं पाहिलं. तोच दोरा, तोच टाका.

दाराबाहेरच्या चपलेला हात लावला. आतून उबदार होती.

आत मोना खिदळली. मग माझाच आवाज आला, माझीच थाप रंगवत. मी जिथं अडखळतो तिथं तो अडखळला नाही.

"आजोबा, आज किती छान सांगताय!" मोना म्हणाली.

मला असं कधी म्हणाली नव्हती.

मी दार वाजवलं.

"कोण आहे?"

"कोण न्हाय बाळ," माझा आवाज म्हणाला. "उशिरा आलंय कोणतरी."

पिशवीत हात घातला. भाकरीचं फडकं रिकामं होतं.

बसनं परतलो. तेव्हापासून आम्ही दोघं व्याही कट्ट्यावर शेजारी बसतो, बढाया बंद. मोनाला फोन लावला की म्हणते, "कोण बोलतंय? नंतर करा, आजोबा गोष्ट सांगतायत."

आज तिचा फोन घरी आला. बायकोनं उचलला, आणि ऐकता ऐकता माझ्याकडं बघतच राहिली.

"मोना म्हणती, दोन्ही आजोबा आत्ताच निघाले. विमानानं. कोल्हापूरला."

मी तडक कट्टा गाठला. समोरनं विजयसिंह धापा टाकत येत होता. आमची जागा रिकामी होती.

"आणि एकेक देऊ?" गवळ्यानं विचारलं.

कट्ट्यावर दोन रिकामे ग्लास होते. कडेचा फेस अजून बसला नव्हता.