सैल काच

धाकट्याने जुनी पिकअप घरी आणली तेव्हा बायकोने तिला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "हिला ढकलायला माणसं वेगळी ठेवायची का?"

धाकटा हसला. त्या दिवशी त्याला कशाचंही हसूच येत होतं. इतकी वर्षं थोरल्या भावाच्या हाताखाली लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, आता स्वतःची गाडी आणि स्वतःचं काम. शिवाय गाडी दिली होती ती खुद्द दादाने. "एका भाजीवाल्याची होती," दादा म्हणाला होता, "शेडमध्ये नुसती पडून आहे. घेऊन जा. पैशाचं सवडीने बघू." सख्ख्या भावाने असं म्हटल्यावर गाडीचं बूड कोण तपासतो? सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही, तर माणसाने डोळे मिटायचे तरी कुणाच्या भरवशावर?

सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच भंगारबाजारात गेला. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको, म्हणून सगळं जुनंच घ्यायचं ठरलं होतं. नक्षी शिल्लक असलेले टायर मिळाले. एका मोडक्या पलंगाचे भक्कम दांडे मिळाले. कुणीतरी टाकून दिलेलं लोखंडी कपाट मिळालं आणि बंद पडलेल्या हॉटेलातला, माणसांच्या पायांनी झिजलेला गालिचा. दुपारपर्यंत कपाट आडवं होऊन हौद्यात हत्यारांची पेटी झालं. काचेखाली घालायला गालिच्याच्या पट्ट्या कापून झाल्या. राहिली होती घोडी, म्हणजे काच उभी टेकवून न्यायची ती तिरकी लाकडी चौकट. तीच काचवाल्याच्या गाडीचा जीव.

घोडीचं माप त्याच्याकडे होतं. कोपऱ्यात एक काठी उभी होती, तिच्यावर चाकूच्या खाचा. ही काठी वस्तादांची.

वस्ताद म्हणजे ज्यांनी दोघा भावांना काचकाम शिकवलं ते. दादा पुढे त्यांचा भागीदार झाला, धाकटा शागीर्दच राहिला. वस्ताद फुटपट्टी हातात धरायचे नाहीत. घोडीच्या पायांमधलं अंतर ते स्वतःच्या हाताने मोजायचे, एक वीत आणि वर चार बोटं, आणि त्यांचा पंजा म्हणजे फावडंच. धाकट्याचा हात पुरेना, म्हणून त्यांनी त्याला काठीवर आपली वीत कोरून दिली. "हे माप दुसऱ्या कुणाकडे सापडणार नाही," म्हणाले होते. "आता तुझीही गाडी लावून देतो. घोडी मी स्वतः ठोकणार."

आणि एके दिवशी वस्ताद गाडीसकट नाहीसे झाले. परगावी मोठं काम मिळालं, म्हणून गेले, असं दादाने सांगितलं. "तुझ्याबद्दल विचारलंसुद्धा नाही रे," असंही सांगितलं. धाकट्याच्या तोंडाला पानंच पुसली म्हणायची. तेव्हापासून वस्तादांचं नाव निघालं की त्याचं तोंड कडू व्हायचं. मागच्या गल्लीत वस्तादांच्या बायको, काकू, एकट्या राहायच्या. त्या समोर दिसल्या की तो रस्ता बदलायचा.

काठी मात्र त्याने फेकली नव्हती. राग माणसावर, मापाने काय घोडं मारलंय?

ऊन फार होतं म्हणून त्याने गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं. आत अंधारून आलं. जुन्या गालिच्याचा कुबट वास दाटला. हौद्यात वाकून तो खुणा करत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

टक. टक. टक.

नखाने काचेला मारलेल्या टिचक्या. धाकट्याचा हात थांबला. दोर बांधून झाला की गाडी हलण्याआधी वस्ताद काचेला अशाच तीन टिचक्या मारायचे आणि कान द्यायचे. घट्ट बसलेली काच टणक वाजते, सैल काच बदबद बोलते. सैल बोलली की काहीही होवो, गाडी जागची हलायची नाही.

त्याने वळून पाहिलं. गॅरेजात काचेचा तुकडाही नव्हता. पत्रा तापून वाजला असेल, असं म्हणून त्याने घाम पुसला. पण तापलेला पत्रा मोजून तीनदाच कसा वाजेल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. विचारायची छाती झाली नाही.

त्याने ड्रिल लावलं. लोखंडात शिरताना ड्रिल किंचाळतं, हात हादरवतं. हे मात्र लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. दुसऱ्या खुणेवरही तेच. तिसऱ्या, चौथ्या... तेच. ड्रिलच्या टोकाला काहीतरी मऊ, पांढरट चिकटून आलं. त्याने नाकाशी धरलं. जवसाच्या तेलाचा वास. लांबी! खिडकीच्या चौकटीत काच बसवताना भरतात ती लांबी.

त्याने वरचा नवा रंग खरवडला. चार जुनी भोकं, कुणीतरी बुजवलेली. काठी पुन्हा लावून पाहिली. खाचेला खाच जुळली, केसाचाही फरक नाही.

भाजीवाला गाडीला घोडी कशाला लावेल? आणि लावलीच, तर वस्तादांची वीत त्याला कुठून मिळेल? धाकट्याने बोटाने लांबी चाचपली. सुरी न फिरवता अंगठ्याने दाबून टाकलेली. या आळशीपणावरून वस्ताद आयुष्यभर एकाच माणसाला बोलत आले होते.

धाकटा तिथेच हौद्यात बसला.

दिवेलागणीला दादा आला, गाडी कितपत झाली बघायला. शटरखालून वाकून आत आला आणि सवयीने म्हणाला, "काय शेठ! ओळखू येईना की गाडी."

"मला आली," धाकटा म्हणाला. "रंग बदललास, नंबर बदललास, तरी ही वस्तादांची गाडी आहे."

दादा हसायला गेला. "काहीतरीच. भाजीवाल्याची..."

टक. टक. टक.

या वेळी आवाज बदबद होता. सैल.

दादाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी काही केलं नाही," तो कुजबुजला. "धाकट्या, त्यांना सांग... मी काही केलं नाही."

"कुणाला सांगू?"

दादा टायरला टेकून खाली बसला. मग एकेक शब्द बाहेर पडू लागला. "मोठी काच होती... घाटातून न्यायची. त्यांनी टिचकी मारली, म्हणाले सैल आहे, सोडून पुन्हा बांधू. मला उशीर होत होता. मी म्हटलं, तुम्ही मागे धरून बसा, मी हळू नेतो..."

"मग?"

"वळणावर मागे काहीतरी गेलं. मला वाटलं, काच गेली... खरंच वाटलं. पण त्यांनी हाक मारली होती."

"तू थांबलास ना?"

दादाने तोंड फिरवलं.

"दादा, थांबलास ना?"

"खाली नदी होती रे..." दादा रडायला लागला. "थांबून काय झालं असतं? मला तुरुंग झाला असता. आपलं घर बसलं असतं."

धाकट्याला त्याच्या रडण्याची किळस आली. इतकी वर्षं तो एका मेलेल्या माणसाला शिव्या घालत आला होता, आणि त्या शिव्या त्याच्या तोंडात याच माणसाने घातल्या होत्या. "आणि ही गाडी माझ्या गळ्यात का बांधलीस?"

"कुणाकडेच टिकत नाही. दोनदा विकली, दोन्ही वेळा माणसं दारात आणून सोडून गेली. म्हणायची, मागे कुणीतरी बसतं." दादाने नाक पुसलं. "वाटलं, तुला त्रास देणार नाहीत. तुझ्यावर जीव होता त्यांचा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मेलेल्या माणसाची मायासुद्धा या भावाने स्वतःच्या सोयीला वापरली होती.

"ऊठ," धाकटा म्हणाला. "काकूंकडे चल. हे सगळं त्यांच्यासमोर बोल. नाही बोललास तर मी बोलतो."

दादा मुकाट्याने पुढे त्याच्या शेजारी बसला. गल्ली ती काय, एवढीशी. पण गाडी जड चालत होती, पूर्ण भरल्यासारखी. स्टिअरिंग हलकं लागत होतं, मागची बाजू दबली होती. हौद्यात रिकाम्या पेटीशिवाय काही नव्हतं. आरशात बघायचं नाही, असं धाकट्याने ठरवलं आणि ते पाळलं.

काकूंच्या दारात त्याने गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली आणि उतरला. दार वाजवायच्या आतच उघडलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, केस सगळे पांढरे झालेले. किती वर्षांनी तो त्यांच्याकडे सरळ बघत होता.

"काकू," तो म्हणाला. "मला तुम्हाला एक सांगायचंय... वस्ताद..."

काकूंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या त्याच्या खांद्यावरून मागे, हौद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मऊ झाला. रोज कामावरून येणाऱ्या माणसाला बोलावं तशा त्या म्हणाल्या, "अहो, उतरा ना आता. किती वेळ धरून बसणार? सोडा ती काच."

गाडीच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. धाकट्याच्या डोळ्यांदेखत पिकअपची मागची बाजू चार बोटं वर आली.

काकूंनी दार आणखी उघडलं आणि वाट द्यायला बाजूला सरकल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांची नजर हळूहळू गाडीच्या कडेने पुढे सरकत गेली, दादा बसला होता त्या दरवाजापाशी येऊन थांबली.

"आधी घरात या ना," त्या म्हणाल्या. "तिकडे कुठे निघालात?"

आतून दादा दार ढकलत होता. लॉकची कडी वर, म्हणजे उघडीच होती, तरी दार उघडत नव्हतं. त्याचं तोंड हलत होतं, त्यात धाकट्याचं नाव होतं. त्याच्या कानाशेजारच्या काचेवर बाहेरून तीन टिचक्या वाजल्या.

बदबद.

धाकट्याने खिशातल्या किल्लीवरची मूठ आवळली आणि तो होता तिथेच उभा राहिला.