पायरीवरचा विद्यार्थी

इकडे पलंगावर बसा. ती खुर्ची राहू द्या.

एप्रिल संपत आला होता. लाखनीची मेघा दुपारी शिफारसपत्रासाठी आली. जपानमध्ये भातशेतीवरचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, कॉलेजच्या मुलांसाठी, जुलै-ऑगस्टचा. दोन वर्षं ती माझ्याकडे गावठी धानाच्या जाती शिकायला येत होती. पत्र मीच द्यायचं होतं, संगणकावरून, पाच वाजायच्या आत.

पत्र साडेतीनलाच लिहून झालं होतं. पण ‘माझ्या पाहण्यातली सर्वोत्तम विद्यार्थिनी’ या ओळीपाशी मी अडलो. हे खरं आहे का? मला असं म्हणण्याचा अधिकार आहे का? पीएच.डी. झालो, तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण एखादं वाक्य पूर्ण खरं आहे याची खात्री मला कधी वाटली नाही.

कारण ते वाक्य आधी एकाबद्दल लिहिलं होतं. सानगडीचा चंद्रकुमार. शहाऐंशी साल. नुसत्या वासावरून तो धानाची जात ओळखायचा. मी चुकलो की हळूच म्हणायचा, “सर, पुस्तकातला धान वेगळा असंल जी.” त्यालाही असाच सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम मिळणार होता. फेब्रुवारीत, उन्हाळी धानाच्या रोवणीतून, रोपं लावता लावता उठून सायकलनं तो रोज यायचा. पाय चिखलाचे, म्हणून आत येत नसे. पायरीवर बसून विचारायचा, “सर, झालं का जी?”

मी म्हणायचो, थोडं राहिलं.

त्या एका ओळीसाठी मी अकरा वेळा कागद बदलला. सही केलीच नाही. मुदत निघून गेली. जुलैत, ज्या आठवड्यात तो जपानमध्ये असायला हवा होता, त्या आठवड्यात तो बांधीत, धानाच्या खाचरात, रोवणी करत होता. वीज पडली, तो जागीच गेला.

ते पत्र खणातच राहिलं.

तर त्या दुपारी साडेचार झाले. मी ती ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. पंखा बंद पडला. बाहेर रस्त्यावरचे ट्रकही ऐकू येईनात. आणि वास आला... ओल्या चिखलाचा, चुरगळलेल्या रोपांचा. तलावाला भेगा पडलेल्या, धान पिवळा झालेला. अशा दिवसांत कुठली रोवणी?

“सर... झालं का जी?”

मेघाच असेल, असं वाटून मी न वळता म्हणालो, “थोडं राहिलं.”

बोललो आणि अंगावर काटा आला. स्वयंपाकघरात मेघा आणि माझी बायको गोदावरी हसत होत्या. मेघा तिथे होती.

मी वळलो नाही. ओळ पुन्हा लिहिली, तशीच ठेवली आणि बटण दाबलं. पाचला दहा मिनिटं होती. पंखा फिरू लागला.

मेघा पाया पडली. निघताना म्हणाली, “सर, मघाशी पायरीवर ते कोण होते? पाय चिखलानं भरले होते. मी म्हटलं आत या. तर म्हणाले, ‘पयले तुयं होऊ दे. मंग मी येतो.’”

मी पायरीवर गेलो. अनवाणी पावलं होती, ओली. त्या काळात ती उंबऱ्यापाशी थांबत. या वेळी ती आत आली होती, टेबलापर्यंत. परतणारं एकही नव्हतं.

मेघा निघून गेल्यावर मी खणातलं जुनं पत्र काढलं. ओळ वाचली. खरी होती. सही केली, टेबलावर ठेवलं. ते तिथेच आहे, कुणी नेलेलं नाही.

आता दुपारी मी त्याच्याशी थोडं बोलतो. जुन्या जाती आठवतो, चुकलो की थांबतो. भीती वाटते, पण बरंही वाटतं. गोदावरीला मी काही सांगितलेलं नाही. ती मात्र रोज संध्याकाळी विचारते,

“अजी, त्या खुर्चीची गादी दररोज ओली काहून रायते?”