माळ्यावरून कोणीतरी वायर ओढली

ही घटना खरी आहे. पटत नसेल त्याने सुरतच्या डिंडोलीत यावं, राघो अजून तिथेच राहतो. फक्त त्याच्यापुढे हा विषय काढू नये.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. बाहेर सुरतचं ऊन तापलेलं, आणि आत त्या जुन्या नाट्यगृहात डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

नाट्यगृह पणजोबांच्या काळातलं. तिथे नवे स्पीकर बसवायचे होते, पण ते कोणाला दिसता कामा नयेत अशी अट. लाकडी जाळीच्या मागे स्पीकर, भिंतीच्या पोटातून वायर. आवाज यावा, पण कुठून येतो ते कळू नये.

हे काम राघो आणि त्याचा मोठा भाऊ दगा जोडीने करायचे. राघो खालच्या खोलीतून पाइपात वायर सारायचा, दगा छतावरच्या माळ्यावर बसून ओढायचा. मध्ये एवढी जाड भिंत की हाका पोचत नसत. म्हणून दोघांची खूण ठरलेली. वरून एक झटका आला, की अजून दे. दोन आले, की थांब.

ही खूण त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती.

मग एके दिवशी माळ्याची फळी मोडली आणि दगा खाली खुर्च्यांवर पडला.

जागच्या जागी गेला.

कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता. ठेकेदार धर्मेंद्रने तो कधी आणलाच नव्हता.

हा धर्मेंद्रही या दोघा भावांसारखा खानदेशातलाच. आपला माणूस म्हणे! तेराव्याचं जेवण जेवला, हात धुतले आणि राघोला बाजूला घेतलं.

“हे बघ, चौकशीला सरकारी साहेब येतील. दगा त्या दिवशी कामावर नव्हता, तुला भेटायला आला आणि उगाच वर चढला. एवढंच बोल. बाकी बधुं हुं जोई लईश, सगळं माझ्यावर सोड.”

“आणि नाही बोललो तर?”

“तर हजिऱ्याला कारखान्यांच्या गेटवर रोजंदारीसाठी उभा राहा. कोणी घेतलं तर घेतलं.”

खरं बोललं तर धर्मेंद्र आत जाणार. खोटं बोललं तर दगा स्वतःच्या चुकीने मेला, असं कायमचं ठरणार. राघोच्या पदरात लहान लेकरं. त्याची झोपच उडाली.

साहेब यायचे त्या दुपारी राघो खालच्या खोलीत वायर सारत होता. माळ्यावर अमोलला पाठवलं होतं. अमोल नवीन माणूस, काय सांगायचं ते फोनवर सांगायचा.

वायर थोडी आत गेली...

वरून एक झटका आला.

राघोचा हात थांबला. अमोलला ही खूण कोणी सांगितली?

पुन्हा एक झटका. जरा रागातच. राघोने हात आखडता घेतला की दगा असाच ओढायचा.

राघोने वायर दिली. ती सरसर वर निघाली. दुसऱ्या हाताने त्याने फोन लावला.

“अमोल, तूच ओढतोयस ना?”

“मी? मी तर गेटवर चाय पितोय. वर कोणीच नाही.”

फोनमधून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

आणि वायर हातातून वर सरकतच होती...

राघोला ती सोडताही येईना. तेवढ्यात दार उघडलं. धर्मेंद्र साहेबांना घेऊन आत आला.

“हाच त्याचा भाऊ.”

साहेबांनी विचारलं, “दगा त्या दिवशी कामावर होता का?”

वायर थांबली.

राघोने तोंड उघडलं...

दोन झटके.

त्याचा हात खांद्यापासून हलला. साहेबांनी पाहिलं. धर्मेंद्रनेही पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“वर कोण आहे?” साहेब म्हणाले.

धर्मेंद्रची नजर राघोवर खिळली.

“नव्हता साहेब,” राघो म्हणाला. “दगा कामावर नव्हता. मला भेटायला आला होता.”

वायर एकदम सैल पडली.

ते दोघे गेल्यावर राघोने ती खाली ओढली. सगळी परत आली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचा शेवट दुमडलेला, सोडवायला सोपं जावं म्हणून. ती दगाची सवय. राघोने तर टोक उघडंच आत सारलं होतं.

संध्याकाळी तो दगाच्या घरी गेला. दगाची बायको भागीरथी भाकरी थापत होती.

“वहिनी, दादा तठे व्हता! वायर तोच वढी राह्यंता!”

ती घाबरली नाही. रडलीही नाही. हाताचं पीठ झटकून तिने एवढंच विचारलं,

“मंग भाऊ, तू सायेबले काय सांगं?”

राघो तसाच उठला.

नाट्यगृह आता सुरू झालंय. धर्मेंद्रला पुढचं काम मिळालं. अमोल आजही शपथ घेऊन सांगतो की चहाला उतरताना त्याने माळ्याला कुलूप लावलं होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात होती.

राघो अजून तेच काम करतो. वायरीची त्याला भीती वाटत नाही म्हणतो.

पण वहिनीच्या दारावरून जायचं झालं, की तो मागच्या गल्लीने जातो...