चौथ्या मजल्यावरचं पाणी

मारिसेल जिन्यात पाण्याच्या जारवर बसली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या अधेमधे. वीस लिटरचा तो जार तिने तिथवर कसाबसा ओढत आणला होता. आता तो वरही जाईना आणि खालीही. व्हिएतनाममधल्या दा नांगला येऊन तीनच दिवस झाले होते, आणि चौथ्या मजल्यावरचं घर घेताना लिफ्ट नसल्याचं तिने मोठ्या तोऱ्यात मान्य केलं होतं.

वरून कोणीतरी शीळ घालत उतरलं... आणि थांबलं.

"ही खुर्ची नवीन दिसते."

"बसून बघ. फार काही आरामाची नाही."

तो हसला. घरमालकीण हानकाकूंचा मुलगा, ख्वा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा, दुपारी बाराला मोकळा. त्याने जार खांद्यावर घेतला तेव्हा त्याचा हात तिच्या मनगटाला लागला – गार. त्या उकाड्यात लक्षात राहील इतका गार.

"दुकानवाला वर आणून देत नाही?" तिने विचारलं.

"अं... नाही." तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला. "जार संपला की मला हाक मार."

मारिसेल शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. एका माणसाला एक जार आठ दिवस पुरतो, हे तिने पहिल्याच महिन्यात पडताळून पाहिलं. पण ती एकटी असायची कुठे? आपल्या माणसाचं परदेशात घर आहे म्हटल्यावर फिलिपिन्समधला, इलोइलोचा सगळा गोतावळा हक्काने येऊ लागला. मावशी आली, कॉलेजच्या तीन मैत्रिणी आल्या, ईस्टरला चुलतबहीण रोवेना नवऱ्यासकट आली. पुलावरचा पोलादी ड्रॅगन आग ओकतो ते मारिसेलने वर्षभरात अकरा वेळा पाहिलं आणि अकराही वेळा "अय्या!" म्हटलं. पाहुण्यांना बरं वाटतं.

दर खेपेला ख्वा हजर. पाहुण्यांची नोंद चौकीत द्यावी लागे, म्हणून पासपोर्टचे फोटो काढायला. खालून जादा गाद्या आणायला. आणि पाणी चढवायला.

"तुझ्या मावशीचं खरं वय मला कळलंय," पासपोर्ट परत देताना तो म्हणाला.

"कुणाला सांगू नकोस हं."

"गप्प बसायचं काय देशील?"

"एक वाळवलेला मासा."

"बस्स?"

"दोन. हावरट!"

पाहुणे गेले की तो गाद्या न्यायला यायचा. चार असल्या तरी एका वेळी एकच न्यायचा. पाहुण्यांमागे घर एवढं गप्प झालेलं असायचं, की त्याच्या त्या चार फेऱ्या तिला... हव्याशा वाटायच्या.

पुढच्या मार्चमध्ये तिची आई आली. तिची नानाय. बॅगेत मासे, बिस्किटं आणि एक निरोप – इलोइलोच्या कॉलेजात जागा निघाली आहे. इकडे दा नांगच्या शाळेनेही विचारलं होतं, करार वाढवायचा की नाही. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

"इंदाय," नानाय लाडाने तिला तशीच हाक मारायची, "तुला इथे धरून ठेवणारं काही असेल तर सांग. मी एकटी परत जाते. नसेल, तर माझ्याबरोबर चल."

मारिसेल काय सांगणार? एक मुलगा गाद्या एकेक करून नेतो म्हणून? एवढ्याशा पुराव्यावर तिने विद्यार्थ्यालाही निष्कर्ष काढू दिला नसता.

तेवढ्यात ख्वा जार घेऊन आला. खाली ठेवला, घाम पुसला आणि वाकून नानायचा हात स्वतःच्या कपाळाला लावला, इलोइलोची पोरं मोठ्यांना नमस्कार करतात तसा.

"हे याला कोणी शिकवलं?" नानायने विचारलं.

"रोवेनाने असेल," मारिसेल म्हणाली.

नानाय नुसती "हं" म्हणाली.

तो सोमवार होता. मंगळवारी संध्याकाळी जार रिकामा. ख्वाने दुसरा आणला. बुधवारी नानायला गच्चीवर निखाऱ्यावर कोंबडी भाजायची होती. ख्वाने कुठूनशी लाकडं आणून फोडून दिली. गुरुवारी सकाळी तिसरा जार मागवला. दोन बायका, चार दिवस, साठ लिटर? मारिसेलच्या डोक्यात ते काही बसेना.

दुपारी ती शाळेतून लवकर आली. नानाय गॅलरीत उभी राहून गाणं गुणगुणत प्यायचं पाणी कुंड्यांना घालत होती. तांब्यामागून तांब्या.

"नानाय! अगं, ते चौथ्या मजल्यावर वाहून आणतो तो!"

"ठाऊक आहे. म्हणून तर ओततेय." नानायने शांतपणे तांब्या भरला. "तुझ्या बाबांनी आमच्या घरी सात महिने पाणी भरलं, लाकडं फोडली. तेव्हा कुठे तुझ्या आजोबांनी लग्नाला 'हो' म्हटलं. हा किती दिवस टिकतो ते बघायला नको?"

"तो काही मागणी घालत नाहीये गं! मालकिणीचा मुलगा आहे. सगळ्यांचंच पाणी आणत असेल."

"असेल, की आणतो? मास्तरीण ना तू? जा, विचारून ये."

मारिसेल खाली गेली. हा "हो, सगळ्यांचंच आणतो" म्हणाला, तर उद्या शाळेला काय कळवायचं ते ठरलंच होतं.

दारात हानकाकू पालेभाजी निवडत होत्या.

"पाणी? दुकानवाला सगळ्यांना घरपोच देतो की," त्या म्हणाल्या. "तुझाच जार तेवढा ख्वा खाली अडवतो. मी विचारलं तर म्हणतो, व्यायाम होतो."

ख्वा फाटकाशी सायकल पुसत होता. आभाळ कोरडं ठणठणीत होतं, तरी त्याच्या सदऱ्यावर टपटप थेंब पडत होते. त्याने वर पाहिलं. मारिसेलनेही पाहिलं. चौथ्या मजल्याची गॅलरी गळत होती.

"तुला माहीत आहे?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून."

"तरी आणत राहिलास?"

"तुझ्या आईला झाडांची आवड असेल, म्हटलं."

"ख्वा... आमच्याकडे मुलीच्या घरी कोण पाणी भरतं, ठाऊक आहे तुला?"

तो सायकलचं चाक फिरवू लागला. "रोवेनाने सांगितलं. ईस्टरला."

"म्हणजे अकरा महिने झाले!" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "आधी का आणायचास, मग?"

"आधी नुसतं... तू त्या जारवर बसली होतीस ना, म्हणून. मग त्याला नाव असतं हे कळलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगत होतो की," तो म्हणाला. "वीस-वीस लिटर."

मारिसेल हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. त्याने पुढे केलेला हात तिने धरला – बर्फाच्या कारखान्यातला तो गार हात – आणि ऊब येईपर्यंत सोडला नाही.

शाळेला उत्तर त्याच दुपारी गेलं.

शुक्रवारी नानायने हानकाकूंना जेवायला बोलावलं. दोघींची भाषा वेगळी, म्हणून ख्वा मधे बसून नानायचं इंग्रजी आईला आणि आईचं बोलणं नानायला इंग्रजीत सांगत होता. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरच्या पायऱ्या चढून यायचं, ही आमची रीत, नानाय म्हणाली. तर इलोइलोला कधी येता? हानकाकू आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. त्यांनी घाबरत विचारलं, "गेलं तर किती दिवस राहिलेलं चालतं?"

ख्वाने ते नानायला सांगितलं.

"असं विचारतात का?" नानायने त्यांच्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढला. "आपलंच घर आहे, विहीणबाई!"

ख्वाचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?" हानकाकूंनी त्याला ढोसलं. "अरे, सांग ना!"

त्याने मारिसेलकडे पाहिलं.

"सांग की," ती म्हणाली. "बघतोस काय नुसता?"